डावा कौल

सांगलीच्या त्या खोलीला खिडकी एकच होती आणि ती दवाखान्याच्या मागच्या अंगाला उघडायची. सकाळी तिच्यातून फिनेलचा आणि ओल्या चादरींचा वास यायचा आणि दुपारी वारा फिरला की बाजाराकडून हळदीचा. अशा आठ खोल्यांची ती ओळ होती. ज्यांचं माणूस दवाखान्यात पडून आहे अशी गावोगावची बिऱ्हाडं तिथं उतरायची, कुणी आठवड्यापुरती, कुणी महिन्यापुरती. आमचा मुक्काम अडीच महिने होता. मालकीण गंगव्वा मूळची अथणीकडची. बायकांना ती ‘यव्वा’ म्हणायची, पुरुषांना ‘यप्पा’, आणि नावं विचारण्याच्या भानगडीत पडायची नाही. खोल्या ती आजारावरून ओळखायची. पहिली मुतखड्याची, दुसरी मोडक्या पायाची, तिसरी बाळंतिणीची. आमची खोली दम्याची. आईला दमा नव्हता, काळजाचं दुखणं होतं, हे मी तिला चारपाच वेळा सांगून पाहिलं. ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी नळावर कुणालातरी सांगायची, “त्या दम्याच्या खोलीतली पोरगी न्हवं का ही.”

आजारपणाच्या दिवसांची आठवण काढून माणूस हळवं होतं, हे कुणाला सांगायचीही चोरी. पण माझं तसं होतं खरं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. त्यानंतर नोकरी केली, संसार केला, दोन घरं बांधली, पण ‘घर’ म्हटलं की अजून मला ती खोली आठवते. त्याचं कारण आण्णा. माझे वडील माझ्या जन्माआधीपासून फौजेत. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, ट्रंक उघडायचे, आम्हा भावंडांना बिस्किटाचे पुडे द्यायचे आणि ओळख होते न होते तोवर परत निघून जायचे. कायमचे घरी आले त्याला दोनच वर्षं झाली होती, आणि ती दोन वर्षंही ते आमच्या घरात पाहुण्यासारखे वावरत होते. गावाकडचं घर आबांच्या हुकमावर चालायचं. आबा म्हणजे आण्णांचे थोरले भाऊ. ऊस, पाणी, बैलं, सोयरीक, सगळं त्यांच्याकडं. आण्णा आपले ओसरीवर बसून रेडिओ ऐकायचे. सांगलीच्या खोलीत मात्र आबा नव्हते, काकू नव्हत्या, धाकटा भाऊ गावाकडंच काकूंजवळ राहिला होता. आम्ही दोघंच होतो, आणि पलीकडच्या वॉर्डात आई.

आण्णांनी त्या खोलीची बराक करून टाकली. पहाटे उठून घासलेटच्या स्टोव्हला पंप मारायचे. तो फुसफुसायला लागला की माझी झोप उघडायची. अंथरुणाची घडी चौकोनी झाली पाहिजे, भांडी उंचीनुसार मांडली पाहिजेत. भाकरी मात्र त्यांना काही केल्या जमत नव्हती. थापायला घेतली की तिचा कुठलातरी नकाशा व्हायचा. मग म्हणायचे, “शाले, भाकरी तुझी ड्यूटी, बाकीचा खाना माझा.” आणि खाना ते झकास करायचे. लसणाचा तडका दिलेली घट्ट डाळ, बटाट्याची सुकी भाजी, रविवारी पुऱ्या. आमच्याकडं पुरी सणाला व्हायची. इथं ती दर रविवारी झाली, आणि मोडक्या पायाच्या खोलीतली म्हातारी वास घेत दारात येऊन उभी राहायला लागली. आण्णा तिला दोन पुऱ्या द्यायचे आणि सलामही ठोकायचे. माझा बाप इतका गमत्या आहे हे मला सतरा वर्षं माहीत नव्हतं.

आईचं वेगळं शिजायचं. तिला मीठ बंद. तिची आमटी आधी काढून ठेवायची आणि मग आमच्यात मीठ घालायचं. अळणी आमटीत लिंबू पिळून, वर कोथिंबीर घालून आण्णा डबा भरायचे आणि मी तो घेऊन वॉर्डात जायची. आई दोन घास खायची आणि म्हणायची, “तुज्या बापानं केलीया व्हय? मीठ सोडून समदं हाय हिच्यात.”

आईला लहानपणी सांधे धरून ताप आला होता. त्या तापानं काळजातली एक झडप आकसली आणि ती वर्षं गेली तशी अधिकच आकसत गेली. हे सगळं आम्हाला सांगलीत कळलं. गावाकडं एवढंच दिसत होतं की आई जिना चढताना मधेच बसते, घागर अर्धीच भरते, आणि आडवं झोपलं की घुसमटते म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपते. तीन वर्षं ती अशी बसून झोपत होती. पाठीशी धान्याचं पोतं, पुढ्यात उशी. काकू म्हणायच्या, अशक्तपणा आहे. पलूसच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि चिठ्ठी लिहून सांगलीला पाठवलं.

सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांनी आण्णांना खोलीत बोलावलं तेव्हा मीही मागं उभी होते. डॉक्टर शेतकऱ्यांना समजावून समजावून तयार झालेले. म्हणाले, “विहिरीवर मोटर आहे ना? तिच्या फूटवॉलच्या झडपेत गाळ अडकला तर पाणी कसं येतं?” आण्णा म्हणाले, “दम खात येतंया.” डॉक्टर म्हणाले, तसंच आहे हे. गोळ्यांनी आता भागणार नाही. डाव्या कुशीतून छाती उघडायची, काळजाला बारीक भोक पाडून त्यातून बोट घालायचं आणि झडप मोकळी करायची. आण्णांनी विचारलं, “आन न्हाई केलं तर?” डॉक्टर म्हणाले, पुढचा पावसाळा निघेल असं मी सांगू शकत नाही. “आन केलं तर?” डॉक्टर म्हणाले, बहुतेक बरी होतात, पण टेबलावरच गेलेलीही मी पाहिली आहेत, खोटं सांगणार नाही.

आण्णांनी यातलं आईला काही सांगितलं नाही. तशी पद्धतच नव्हती. पेशंटला सांगायचं ते “छातीत जरा हवा धरलीया, काढत्यात” एवढंच. आज माझा भाचा ॲन्जिओग्राफीच्या टेबलावरून उठायच्या आत मोबाईलवर स्वतःचं काळीज बघतो आणि मला पाठवतो, “आत्या, हे बघ, इथं ब्लॉक आहे.” मी बघते आणि मला आई आठवते. तिच्या काळजाबद्दल डॉक्टरांना माहीत होतं, आण्णांना माहीत होतं, मला माहीत होतं, गंगव्वालासुद्धा तिच्या परीनं माहीत होतं. आईला तेवढं माहीत नव्हतं.

सही करायची म्हटल्यावर आण्णा डगमगले. फौजेत हुकूम वरून यायचा आणि ते तो चोख बजावायचे, त्यात त्यांनी बर्फातसुद्धा पाय मागं घेतला नव्हता. हुकूम द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी आबांना निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी आबा एस.टी.नं हजर झाले, धोतर, पटका आणि काकूंनी दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घेऊन. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “डागदर त्याच्या जागी हाय. पर भैरोबाला इचारल्याबिगर आपल्या घरात कुनाच्या आंगाला सुरी लागलेली न्हाई. कौल लावायचा. उजवा आला तर सही. डावा आला तर हौसाला घरी न्यायाची, काय हुईल ते देवाच्या पायाशी हुईल.” हौसा म्हणजे माझी आई. आण्णांनी मान हलवली. त्यांच्या खांद्यावरचं ओझं कुणीतरी घेतलं होतं.

आईचं आणि आबांचं नातं इथं सांगायला हवं. थोरल्या दिराशी बोलायचं नाही, त्यांच्यासमोर पदर खाली येऊ द्यायचा नाही, हे आईनं लग्नाच्या दिवसापासून पाळलं होतं. आबा समोर पाटावर जेवायला बसलेले असायचे, आई तीन हातांवर चुलीपाशी, आणि मधे मी. आई म्हणायची, “शाले, आबांना इचार, भाकरी वाढू का.” आबांना ते ऐकू आलेलं असायचं. तरी मी विचारायची. आबा म्हणायचे, “तुझ्या आईला सांग, अर्धी पुरं.” तेही आईला ऐकू आलेलं असायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच घरांत मोठी माणसं पोरांना असंच कामाला लावतात. दवाखान्यात आबा कॉटपाशी आले की आई धापा टाकत का होईना, पदर सावरायची आणि भिंतीकडं तोंड करायची. आबाही कॉटच्या पायाकडं बघून बोलायचे, “शाले, तुझ्या आईला सांग, काळजी करू नगं.”

कौलाला रक्ताचं माणूस उभं राहावं लागतं, उपाशीपोटी. डॉक्टर केव्हा बोलावतील नेम नव्हता म्हणून दोघा भावांनी सांगलीत थांबायचं आणि मी गावी जायचं ठरलं. पलूसला गाडी बदलून मी गावात उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भैरोबाच्या देवळात आम्ही दोघंच, मी आणि रामा गुरव. रामानं देवाला पाणी घातलं, पांढऱ्या फुलाच्या दोन कळ्या भिजवल्या आणि देवाच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवली. जी आधी पडेल त्या बाजूचा कौल. मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, की अमक्याच्या घरची लक्ष्मी दुखण्यानं पडली हाय, छाती उघडायची म्हणत्यात, उघडू का नगं, उजवा दे नाहीतर डावा दे. मग आम्ही बसून राहिलो. एक माशी देवाच्या कपाळावरून फिरत होती. ती उजव्या कळीवर बसावी म्हणून मी मनातल्या मनात तिला हाकलत होते.

डावी कळी पडली.

मी म्हणाले, “परत लावा की मामा, पानी कमी लागलं आसंल.” रामा गुरव म्हातारा, मायेचा माणूस. पण म्हणाला, “न्हाई बाय. येकदा इचारलं की इचारलं. देव काय गुळाच्या सौद्यातला दलाल हाय व्हय, भाव फिरवाय?” मग अंगाऱ्याची पुडी माझ्या हातात ठेवली. “आबांना सांग, घरी घीऊन या. हितं आपल्या माजघरात, समद्यांत ऱ्हाईल ती, परक्या ठिकानी कशाला.” त्याला आईचं वाईट वाटत होतं, हे त्याच्या आवाजात कळत होतं.

मला कौल मान्य नव्हता असं कुणी समजू नये. आज विचाराल तर मी वेगळं बोलेन, नर्सिंगमध्ये हयात गेली माझी. त्या वेळी माझा पुरता विश्वास होता. देवानं नाही म्हटलं आहे आणि त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, हे घोकतच मी परतीच्या गाडीत बसले होते. सांगायचं ते शब्दही जुळवून ठेवले होते. सांगलीच्या स्टँडवर उतरले तर समोर आण्णा. दाढी केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पाय जुळवून उभे, ऑर्डर ऐकायला उभे राहावेत तसे. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले.  मी म्हणाले, “उजवा.”

आण्णांनी तिथंच स्टँडवर, माणसांच्या गर्दीत, माझ्या डोक्यावर हात ठेवला. खोलीत आबांनी गावाच्या दिशेला हात जोडले, अंगारा कपाळाला लावला आणि म्हणाले, “झालं तर मग. परवा आपरेशन हाय, उद्या सही करू.” त्या दिवशी आण्णांनी सोमवार असून पुऱ्या केल्या. मला एकही उतरली नाही.

पुढचे काही तास कसे गेले ते लिहायला मला आजही जड जातं. आई टेबलावर गेली तर मी तिला देवाच्या शब्दाविरुद्ध मारली. खरं सांगितलं तर ती घरी जाणार आणि पावसाळा निघायच्या आत घुसमटून जाणार. दोन्हीकडून मीच. शिवाय रामा गुरव काही मुका नव्हता. आज ना उद्या गावचा कुणीतरी सांगलीला येणार आणि आबांना भेटणार.

वॉर्डात कमल सिस्टर होत्या. मलकापूरच्या. उंच, काळ्यासावळ्या, चालताना चपलेचा आवाज न होणाऱ्या. त्यांचे वडील बौद्ध झाले तेव्हा घरातले देव त्यांनी स्वतःच्या हातानं कृष्णेत सोडले होते, हे त्यांनीच मला एकदा पट्ट्या गुंडाळता गुंडाळता सांगितलं होतं. मी दिवसभर आईपाशी बसायची म्हणून त्यांनी मला नाडी बघायला शिकवलं होतं. “अंगठ्यानं नाही बघायची. अंगठ्यात तुझीच नाडी लागते, आणि तुला वाटतं पेशंटची आहे.” दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईच्या मनगटावर बोटं ठेवून बसले होते आणि मोजता मोजता माझा आकडा तीनदा चुकला. कमल सिस्टरांनी मला खुणेनं बोलावलं, कापूस ठेवायच्या खोलीत नेलं आणि विचारलं, “काय झालंय?”

मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं त्या म्हणतील, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये, बरं केलंस. किंवा खोटं बोललीस म्हणून रागावतील. त्या कापसाचे बोळे करत राहिल्या. मग म्हणाल्या, “डॉक्टरांना विचारलं. आबांना विचारलं. देवाला विचारलं, तेही बस करून जाऊन. तुझ्या आईला कुणी विचारलं?”

मी म्हणाले, “तिला काय कळणार त्यातलं?”

“तीन वर्षं बसून झोपतीया ती. तिला कळत नसंल तर कुणाला कळंल?”

मी आईपाशी गेले. दुपारचा वॉर्ड शांत होता, पंखा तेवढा कुरकुरत होता. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. झडप, डाव्या कुशीचा काप, बोट, टेबल, पावसाळा. मग कौल. मग खोटं. आई उशीवर हनुवटी ठेवून ऐकत होती. सगळं ऐकून तिनं पहिला प्रश्न विचारला तो, “उजवा का म्हनलीस?”

“आण्णांचं तोंड बघितलं.”

आई हसायला लागली. हसता हसता तिला धाप लागली, मी पाठ चोळली. धाप ओसरल्यावर म्हणाली, “त्यांचं तोंड बघूनच म्या इतकं दीस इचारलं न्हाई. त्यांला वाटतंया मला ठावं न्हाई. मला वाटायचं, न्हाई इचारलं तर त्यांला सांगायची पाळी येनार न्हाई.” मग तिनं कमल सिस्टरांना हाक मारली. “सिस्टरबाई, खरं सांगा. उठत्यात का बाया ह्यातनं?”

कमल सिस्टर कॉटच्या कडेवर बसल्या. सिस्टरनी कॉटवर बसायचं नसतं, मेट्रन ओरडायच्या. “बऱ्याच जणी उठून चालत घरी गेल्या, मी बघितलंय. दोघी नाही गेल्या, त्या पण बघितल्यात. दुखतं लय. महिनाभर हात वर उचलत नाही.”

 आई माझ्याकडं वळली. “शाले, मला आडवं झोपायचं हाय. आन औंदा हळद शिजवायला काहिलीपाशी बसायचं हाय. तुजी काकू कच्ची उतरवती हळद दर साली.” आणि मग म्हणाली, “त्यांला खरं सांगून टाक. आबांलाबी. सही करनार हायत ती डोळं उघडं ठेवून करूंदेत.”

“आबा घरी नेतील तुला.”

“बघू नेत्यात का.”

चार वाजता भेटीची वेळ झाली. आण्णा आणि आबा आले. आण्णांच्या खिशाला पेन होतं. आईनं नेहमीसारखा पदर सावरला आणि भिंतीकडं तोंड केलं. मी कॉटच्या पायथ्याशी उभी राहिले आणि सांगितलं, की कौल डावा पडला होता, मी खोटं बोलले. आण्णा खालीच बसले, स्टुलावर. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की एक थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. पटका काढला, परत बांधला आणि आण्णांना म्हणाले, “बाळू, गाडी बघ. घरला जायाचं.”

आण्णा उठले नाहीत. आबा परत म्हणाले, “ऊठ, गाडी बघ.”

तेव्हा आई भिंतीकडून वळली. पदर तसाच होता, कपाळाच्या रेषेवर. तिनं एक श्वास घेतला, मग दुसरा, आणि म्हणाली, “आबा.”

शेजारच्या कॉटवरची बाई काही आमच्या घरची नव्हती, पण तीसुद्धा उठून बसली. आई एकेक शब्द धापेच्या मधून काढत होती. “देवानं न्हाई म्हटलंया. त्याचं त्याला कारन आसंल. पर काळीज माजं हाय. मी व्हय म्हणते.”

आबा कॉटच्या पायाकडं बघत होते. एकोणीस वर्षं ही बाई त्यांच्या घरात होती. तिच्या हातची भाकरी खाऊन ते रोज रानात गेले होते आणि तिचा आवाज त्यांनी दुसऱ्याशी बोलतानाच ऐकला होता. ते सवयीनं माझ्याकडं वळले, म्हणाले, “तुझ्या आईला सांग—” आणि थांबले. मला सांगून आता उपयोग नव्हता. त्यांनी दोनदा घसा खाकरला. मग कॉटच्या पायालाच विचारलं, “भ्या न्हाई वाटत?”

आई म्हणाली, “वाटतंया.”

“मग?”

“भ्या घरीबी वाटतंया, आबा. रोज वाटतंया.”

आबा खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. बाहेर कुणाचीतरी सायकल पडली, कुणीतरी शिव्या दिल्या. मला वाटलं ते आता निघून जातील, एकटे स्टँडवर जातील आणि पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकणार नाहीत. ते वळले आणि म्हणाले, “बाळू, तिचं आयकलंस न्हवं? कर सही.” आणि मला म्हणाले, “तू देवाच्या नावानं खोटं बोललीस. येत्या आवसंला देवळात जाऊन नाक घासायचं. मी संगं येतो. मलाबी त्याला सांगायचं हाय.”

आण्णांनी सही केली. पेन त्यांनी इतकं दाबलं की खालच्या कागदावरही उमटलं.

पुढं नोकरीत असले कागद घेऊन मी किती कॉटांपाशी गेले असेन, त्याचा हिशेब नाही. मुलगा हात पुढं करतो, जावई हात पुढं करतो, परदेशातली लेक फोनवरून बोलते आणि पेशंट छताकडं बघत असतो. आताच्या कागदावर पेशंटच्या सहीची रीतसर जागा असते, तरीसुद्धा. मी आधी कॉटच्या डोक्याच्या बाजूला जायची. नातेवाईक चिडायचे. दोनतीनदा माझी तक्रारही झाली, वरपर्यंत गेली. मी काही सुधारले नाही.

ऑपरेशनच्या सकाळी आईला नेलं तेव्हा तिच्या बांगड्या माझ्या हातात होत्या. आण्णा व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते, वळताना टाच आपटत होते. आबा भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. त्यांनी तंबाखू मळली आणि तशीच हातात धरून ठेवली. ऊन पायरीवरून व्हरांड्यात आलं, तिथून आबांच्या पायावर आलं. एकदा ते मला म्हणाले, “शाले, आज काय वाईट झालं तर मी भैरोबाला काय सांगू?”  मग उत्तरही त्यांनीच दिलं. “सांगीन, का मी थोरला हाय खरा, पर तिनं मला इचारलं न्हवतं. सांगितलं व्हतं.”

दार उघडून मोठे डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा तोंडावरचा फडका गळ्यात होता. त्यांनी आण्णांकडं बघितलं आणि आपलं एक बोट वर करून दाखवलं. “उघडली,” म्हणाले. आण्णांनी त्यांना सलाम ठोकला. हात कपाळाशी गेला तो तिथंच राहिला आणि त्याच हाताआड ते रडायला लागले. मी आयुष्यात त्यांना तेवढंच एकदा रडताना बघितलं.

आईला शुद्धीवर यायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी कमल सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, डोळे उघडलेत, एकानंच आत जायचं. आण्णा माझ्याकडं बघायला लागले. आबा उठून उभे राहिले, पटका सारखा केला आणि म्हणाले, “शाले, तू जा. आन आदी तिला इचार, तिला काय पायजे. तिच्या तोंडानं सांगूंदे. मी आत्ता जाऊन घिऊन येतो.”

मी आत गेले. आईच्या कुशीतून नळी निघाली होती आणि कॉटखालच्या बाटलीत बुडबुडे येत होते. ओठ वाळले होते, चेहरा उतरला होता. श्वास मात्र सावकाश चालला होता, एकामागून एक, मधे न अडखळता. मी तिच्या कानाशी वाकले. “आई, आबा बाहेर आहेत. विचारतायत, तुला काय पाहिजे.”

आईनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मग ती म्हणाली, “त्यांलाच आत धाड. मी सांगते.”